मेलोक्झिकॅम इंजेक्शन (गुरांसाठी): गोठ्याला कसं चालतं, गिधाडाला का चालतं

गोरेगाव, जोगेश्वरी, आरे इथल्या तबेल्यांत म्हैस लंगडायला लागली, कास सुजली किंवा ताप चढला की पहिली मागणी होते ती 'दुखण्याच्या सुई'ची. ती सुई कुठली, हे बऱ्याचदा कुणी ठरवतच नाही. कपाटात उरलेली बाटली असते किंवा मेडिकलवाला जी पुढे सरकवतो ती असते, आणि तीच टोचली जाते. हे परीक्षण त्या जागी यायला हवं अशा औषधाचं आहे: मेलोक्झिकॅम. कुठल्या एका कंपनीच्या बाटलीचं नाही, कारण आतलं औषध एकच आहे आणि ते बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

निकाल आधीच सांगतो. दुखणं, सूज आणि ताप या तिन्हींवर हे औषध गोठ्यात नीट काम करतं. त्याच्या दोन अडचणी खऱ्या आहेत, एक मात्रेच्या आकाराची आणि दुसरी वेगाची. दोन्हींना उपाय आहे. आणि एक गोष्ट अशी आहे जी बाटलीवर कुठेच छापलेली नसते: हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर गिधाडं जगतात. याच कपाटात वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या दुसऱ्या काही औषधांबद्दल असं म्हणता येत नाही.

बाटलीत काय असतं

नेहमीची बाटली मि.लि.ला ५ मि.ग्रॅ. तीव्रतेची, ३० किंवा १०० मि.लि.ची. काही कंपन्या मि.लि.ला २० मि.ग्रॅ. अशी जाड मात्राही देतात. द्रव पिवळा आणि पारदर्शक असतो. उजेडासमोर बाटली आडवी धरून हळूच फिरवावी. तळाशी बारीक चमकते कण दिसले किंवा द्रव गढूळ वाटला तर ती बाटली वापरू नये, कारण औषध विरघळलेलं राहिलेलं नाही. असं गढूळ औषध टोचलं की अर्धी मात्रा मांसातच गोळा होऊन बसते, आणि मग 'औषधाला गुण नाही' असा शेरा मिळतो.

गढूळ होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण साठवण नसून सिरिंज असते. मेलोक्झिकॅम आम्लात विरघळत नाही, म्हणून इंजेक्शन अल्कलीयुक्त द्रावणात बनवतात. वेळ वाचवायला कुणी त्याच सिरिंजमध्ये बी-कॉम्प्लेक्स किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन ओढतं. ती दोन्ही आम्लयुक्त असतात. दोन द्रव भेटले की सिरिंजमध्ये पांढुरकं-पिवळं ढगासारखं काहीतरी उतरताना डोळ्यांना दिसतं. त्या क्षणी ती सिरिंज फेकून द्यायची, हलवून-हलवून टोचायची नाही. दोन औषधं द्यायची असतील तर दोन सिरिंजा, दोन सुया, दोन जागा.

मात्रा: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

युरोपातल्या लेबलांवर गुरांसाठी किलोमागे ०.५ मि.ग्रॅ., एकदाच, कातडीखाली किंवा नसेतून असा हिशेब आहे. आपल्याकडे ०.२ ते ०.५ मि.ग्रॅ. हा पल्ला वापरात आहे, बहुधा मांसातून, गरजेप्रमाणे दोन-तीन दिवस. कुठला आकडा घ्यायचा ते डॉक्टर ठरवतात. गोठ्याच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे वजन, आणि ते नजरेने सांगितलेलं असलं की हमखास चुकतं. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाज निघतो. घेर ७६ आणि लांबी ५८ भरली तर उत्तर ५०८ च्या आसपास येतं. सूत्र गाईंवर बसवलेलं आहे, म्हशीत थोडं इकडेतिकडे होतं, पण नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

आता पाचशे किलोची म्हैस धरू. ०.५ च्या हिशेबाने तिला २५० मि.ग्रॅ. लागतं. ५ मि.ग्रॅ.च्या बाटलीतून म्हणजे ५० मि.लि. एका जागी १० मि.लि.च्या वर देऊ नये असं धरलं तर पाच ठिकाणी टोचावं लागतं. भर दुपारी, बांधलेल्या म्हशीला, पाच वेळा. डायक्लोफिनॅकचा काळ आठवणारा माणूस इथेच कुरकुरतो, कारण ते मि.लि.ला २५ मि.ग्रॅ. यायचं, किलोमागे १ मि.ग्रॅ. लागायचं, आणि २० मि.लि.त काम उरकायचं. ही तक्रार खोटी नाही. मेलोक्झिकॅमला नाकं मुरडली गेली त्याचं मोठं कारण हेच आहे, आणि ते मान्य न करता 'पर्यावरणासाठी वापरा' असं सांगत बसलं तर तबेल्यात कुणी ऐकत नाही.

उपाय म्हणजे २० मि.ग्रॅ.ची बाटली. त्याच म्हशीला १२.५ मि.लि. पुरतं, म्हणजे दोन जागा. मोठ्या म्हशींच्या तबेल्याने हीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त एक धोका डोक्यात ठेवायचा: दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या एकाच कपाटात ठेवू नयेत. ५ मि.ग्रॅ.चा हात बसलेल्या माणसाने सवयीने २० मि.ग्रॅ.ची ५० मि.लि. ओढली तर जनावराच्या अंगात १००० मि.ग्रॅ. जातं, लागतं त्याच्या चौपट. किडनी आणि पोटाचं अस्तर दोन्ही धोक्यात येतात. झाकणावर मार्करने मोठा आकडा लिहून ठेवणं हा साधा आणि पुरेसा बंदोबस्त आहे.

टोचण्याची जागा म्हणून मान बरी. १८ गेजची, दीड इंची सुई चालते. सुई आत गेल्यावर दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येतं का पाहायचं. एका जागेपासून दुसरी जागा चार बोटांवर, जमल्यास अर्धी मात्रा मानेच्या एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या. टोचल्यावर तिथे थोडी सूज येऊ शकते, ती उतरते. गरम आणि दाबल्यावर दुखणारा गोळा राहिला तर मात्र सुई स्वच्छ नव्हती असं समजून डॉक्टरांना दाखवायचं.

वेग: दोन तासांत निकाल मागू नका

दुसरी तक्रार 'ताप लगेच उतरत नाही' ही. कातडीखाली दिल्यावर औषध रक्तात सर्वाधिक पातळीवर पोचायला दुभत्या गाईत सुमारे ४ तास लागतात, तरुण जनावरात पावणेआठ तासांपर्यंत. म्हणजे सकाळी सहाला दिलं आणि आठला जनावर अजून खात नाही, म्हणून 'दुसरं काहीतरी' टोचलं, ही चूक. दुसरं काहीतरी म्हणजे जवळजवळ नेहमी त्याच जातीचं दुसरं दुखणं-मारक किंवा स्टेरॉइड असतं, आणि या दोघांना मेलोक्झिकॅमवर चढवलं की पोटात व्रण आणि किडनीला इजा होण्याचा धोका वाढतो. तातडी असेल तर डॉक्टर नसेतून देतात, परिणाम लवकर दिसतो.

उशिराच्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला दुभत्या गाईत साडेसतरा तास आणि तरुण जनावरात सव्वीस तास लागतात. म्हणून दिवसातून एकच सुई पुरते. लंगडणाऱ्या किंवा कास सुजलेल्या जनावराला रात्रभर आराम मिळतो, ही गोष्ट थोड्या वेळात ओसरणाऱ्या औषधांत नाही. कासदाहात अँटिबायोटिकसोबत मेलोक्झिकॅम जोडलं की जनावर लवकर खायला लागतं. सूज आणि दुखणं उतरवायचं काम या औषधाचं, जंतू मारायचं काम अँटिबायोटिकचं. एकट्या मेलोक्झिकॅमवर कासदाह सोडला तर दोन दिवस बरं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी सड निकामी झालेला सापडेल.

देऊ नये तेव्हा: जनावर हगवणीने किंवा उन्हाने सुकलेलं असेल, रक्तस्राव झाला असेल, किडनी किंवा यकृत आधीच बिघडलेलं असेल. आधी सलाईन, मग दुखणं. हगवण लागलेल्या, आठवड्याच्या आतल्या वासरा-पारडाला तर नाहीच. गाभण आणि दुभत्या गाईत लेबलप्रमाणे चालतं.

दुधाचं काय, हा मुंबईत पहिला प्रश्न असायला हवा, कारण इथलं दूध सकाळी निघतं आणि दुपारपर्यंत चहात असतं. युरोपातल्या २० मि.ग्रॅ.च्या लेबलवर दुधासाठी ५ दिवस आणि मांसासाठी १५ दिवसांची मुदत दिलेली आहे, म्हणजे सुईनंतर तेवढे दिवस ते विकायचं नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे लेबलवर ती मुदत लिहिलेली नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे. बाटली घेतानाच ही ओळ शोधावी. मुदत लिहिलेली बाटली ही चांगल्या उत्पादकाची एक खूण आहे, आणि दोन सारख्या किमतींत आम्ही तीच निवडू.

शेजारच्या बाटल्या

आता या परीक्षणाचं खरं कारण.

१९८० च्या दशकात या देशात गिधाडं कोट्यवधींच्या संख्येत होती. गावाबाहेर मेलेला बैल काही तासांत हाडांचा सापळा व्हायचा. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून ९७ टक्क्यांच्या आसपास. जगात कुठल्याही पक्ष्याची इतकी वेगाने झालेली घसरण क्वचित नोंदली गेली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेवमध्ये ही घट सगळ्यांत आधी मोजून मांडली. कारण मात्र काही वर्षं सापडेना. विषाणू, कीटकनाशकं, खाण्याची टंचाई, सगळं तपासून झालं. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवून दिलं की दोष गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचा आहे.

मेलेलं गिधाड फाडलं की काळीज, किडनी, हृदयाचं आवरण यांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर दिसतो. तो युरिक ॲसिडचा. किडनी बंद पडली, युरिक ॲसिड बाहेर पडायची वाट बंद झाली, ते अंगातच साचून स्फटिक झालं. मरण्याआधी पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो. औषध लागलेलं मांस खाल्ल्यापासून मरेपर्यंत जेमतेम दोन दिवस. शरीराच्या किलोमागे मिलिग्रॅमचा पाचवा-दहावा हिस्सा इतकी मात्रा निम्मी गिधाडं मारायला पुरते.

आणि यासाठी प्रत्येक मढं विषारी असायची गरजच नव्हती. गिधाडं थव्याने खातात, एका मेलेल्या जनावरावर पन्नास-शंभर उतरतात. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा ७६० मेलेल्या गुरांपैकी एक ते १३० पैकी एक, इतक्या थोड्या जनावरांत मारक मात्रा असली तरी दिसलेली सगळी घट त्यातून होते असं निघालं. 'आमच्या एका बाटलीने काय होतंय' या वाक्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही. एक टक्काही लागत नाही.

गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीचं ३० मि.लि.चं डायक्लोफिनॅक दुकानात होतंच आणि ते गोठ्यात जात राहिलं. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मि.लि.वर आणली. हा नियम गंमत म्हणून केलेला नाही. ३ मि.लि.त ७५ मि.ग्रॅ. असतं, पाचशे किलोच्या म्हशीला ५०० मि.ग्रॅ. लागतं, म्हणजे सात बाटल्या फोडाव्या लागतात. एवढा उपद्व्याप आणि खर्च कुणी करणार नाही, असा त्यामागचा विचार. अजूनही कुणी तुम्हाला 'माणसांचंच आहे, चालतं' म्हणून देत असेल तर तो बंदी मोडतो आहे आणि तुमच्या खिशालाही चाट देतो आहे.

मग डायक्लोफिनॅकची जागा घ्यायला आलेली भावंडं. ॲसेक्लोफिनॅक गुराच्या अंगात गेल्यावर स्वतःच डायक्लोफिनॅक होतं, त्यामुळे नाव बदललं तरी विष तेच. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे प्रयोगांत दिसलं. दोन्हींवर गुरांच्या वापरासाठी जुलै २०२३ अखेर बंदी आली. निमेसुलाइड, जे ताप उतरवण्यासाठी गोठ्यात फार लाडकं होतं, त्यावर डिसेंबर २०२४ अखेर. जुना साठा कपाटात असू शकतो, आणि बोलसच्या पाकिटावर बारीक अक्षरात पॅरासिटामॉलच्या जोडीला निमेसुलाइड लिहिलेलं असू शकतं. इंजेक्शनांइतकंच गोळ्यांकडेही लक्ष द्यायला हवं. फ्लुनिक्सिनवर अशी बंदी नाही, पण स्पेनमध्ये त्यामुळे गिधाड मेल्याची नोंद आहे. आम्ही ते या यादीतून वगळू.

या सगळ्यांत मेलोक्झिकॅमचं वेगळेपण असं की ते 'चालत असावं' म्हणून नाही, तपासून मान्य झालेलं आहे. आधी आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, मग आपल्या जातींवर, गिधाडाच्या पोटात जाऊ शकेल त्याहून जास्त मात्रा देऊन पाहिली गेली आणि पक्षी जगले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अलीकडच्या काळात टोल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित ठरलं आहे. दुसरा पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना या नावाने विचारता येतं.

मुंबईत गिधाड कुठे आहे?

हा प्रश्न हक्काचा आहे. शहरात मेलेली म्हैस पालिकेच्या गाडीतून जाते, गिधाडाच्या नजरेला पडत नाही. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाच्या दख्म्यांत, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायच्या गोल बुरुजांत, गिधाडांचं काम शतकानुशतकांचं. गिधाडं गेल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्या समाजासाठी तो श्रद्धेचा प्रश्न होता.

पण तबेल्यातली म्हैस मुंबईत मरतेच असं नाही. दूध आटलं की तिला इथे पोसणं परवडत नाही. ती विकली जाते, पालघर, ठाणे, नाशिक किंवा गुजरातच्या बाजूला जाते. विकण्याआधी ताप-लंगडणं दिसू नये म्हणून सुई मारलेली म्हैस वाटेत किंवा पोचल्यावर दोन दिवसांत मेली, तर तिचं मढं उघड्यावर पडतं. डायक्लोफिनॅकसारखं औषध नेमकं या शेवटच्या दोन-तीन दिवसांत मांसात मारक प्रमाणात असतं. शिवाय औषधांचा घाऊक बाजार मुंबईत आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पट्ट्यातून निघालेलं खोकं कोकणातल्या गावाच्या मेडिकलपर्यंत जातं.

नकाशा उघडून पाहा. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं टिकून आहेत, गावाने त्यांना जपलं आहे. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना वस्तीभोवती १०० किलोमीटरचं वर्तुळ धरतात, कारण पक्षी खाण्याच्या शोधात तेवढं सहज हिंडतो. म्हसळ्याभोवती असं वर्तुळ काढलं तर त्याची कड सरळ रेषेत मोजून जवळपास दक्षिण मुंबईला येऊन टेकते. उत्तरेला नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. मुंबई या दोन वस्त्यांच्या मधे बसलेलं औषधांचं कोठार आहे.

पिंजऱ्यातली पिल्लं आणि तुमची बाटली

हरियाणात पिंजोरला २००१ मध्ये गिधाडांचं उपचार केंद्र सुरू झालं आणि पुढे ते प्रजनन केंद्र झालं. मुंबईच्या हॉर्नबिल हाऊसमधून चालणारी बीएनएचएस ते वन विभागासोबत चालवते. अशीच केंद्रं पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळजवळ केरवा इथे आहेत. तिथलं काम किती संथ आहे हे समजलं की बाटलीचं मोल कळतं. गिधाड पाचएक वर्षांनी वयात येतं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे पावणेदोन महिने उबवतात, पुढे पिल्लू उडायला चारेक महिने लागतात. वेग वाढवायचा एक मार्ग म्हणजे पहिलं अंडं काढून यंत्रात उबवणं, मग जोडी दुसरं घालते. खायला दिलेल्या बकऱ्यासुद्धा काही दिवस आपल्याच देखरेखीखाली ठेवून मगच वापरतात, अंगात औषध उरू नये म्हणून.

एवढं करून वाढवलेले पक्षी जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणले गेले: ताडोब्याला पांढऱ्या पाठीची दहा, पेंचला लांब चोचीची दहा. आधी मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात त्या जागेची सवय, मग पाठीवर यंत्र बांधून मोकळी सोडायची. जाळी उघडल्यावर त्यांचं पुढचं आयुष्य वन विभागाच्या हातात राहत नाही. ते ज्या मेलेल्या बैलावर उतरतील त्याला शेवटच्या दोन दिवसांत कुठली सुई दिली होती, त्यावर सगळं अवलंबून असतं. वीस वर्षांचं प्रजनन एका दुपारी एका मढ्यावर संपू शकतं. म्हणून आम्ही म्हणतो की गिधाडांसाठी देणगी द्या, जरूर द्या, पण ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने आधी कपाट तपासावं.

याचा माणसाशी संबंध विचारणाऱ्यांसाठी एकच आकडा. गिधाडं नाहीशी झालेल्या जिल्ह्यांचा अभ्यास करून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये काढलेला अंदाज असा की २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. सडणारी मढी, घाण झालेलं पाणी आणि वाढलेली भटकी कुत्री ही त्यामागची कारणं.

घेताना आणि वापरताना

दुकानात ब्रँडचं नाव सांगू नका, औषधाचं नाव सांगा. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की आतलं औषध बदलतं, आणि 'प्लस' लागलेल्या बाटलीत मेलोक्झिकॅमबरोबर पॅरासिटामॉल असतं, म्हणजे मात्रेचं गणित पुन्हा करावं लागतं. बाटली उलटी करून 'कंपोझिशन' ही ओळ वाचायची. तिथे एकटं मेलोक्झिकॅम आणि मि.लि.मागे मिलिग्रॅम लिहिलेलं हवं. 'फक्त जनावरांसाठी' ही ओळ, बॅच नंबर, एक्सपायरी, दुधाची मुदत. इंग्रजी वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बिल मागायचं. बिलावर औषधाचं नाव येतं, आणि बंदीचं औषध देणारा दुकानदार बिलालाच टाळाटाळ करतो.

किंमत आता अडचण राहिलेली नाही. बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे भाव खाली आले. तुलना करताना बाटलीची किंमत न पाहता एका म्हशीच्या एका मात्रेची किंमत काढावी: बाटलीत एकूण किती मिलिग्रॅम, त्याला भागिले २५०. २० मि.ग्रॅ.ची बाटली महाग दिसते आणि या हिशेबात अनेकदा बरोबरीला येते.

शंका असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासून मुंबईत जनावरं बघतंय. तिथल्या दवाखान्यात विचारलेलं फुकट जात नाही.

उघडलेली बाटली २८ दिवसांत संपवावी, झाकणावर उघडल्याची तारीख घालावी. तबेल्याच्या पत्र्याखाली मे महिन्यात जी धग असते तिथे ती ठेवू नये. भिंतीतला गारवा असलेला कोनाडा किंवा दूध ठेवायच्या खोलीतलं बंद कपाट बरं. कपाटातलं डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक, निमेसुलाइड एका खोक्यात काढून डॉक्टरांकडे किंवा दुकानात परत द्यावं. नाल्यात ओतू नये, गावाकडच्या भावाला तर मुळीच देऊ नये.

आणि भाकड म्हैस विकताना दावणीबरोबर एक चिठ्ठी द्यावी: शेवटची सुई कुठली, किती मि.लि., कुठल्या तारखेला. घेणारा दूध-मांसाची मुदत त्यावरून धरेल. जनावर वाटेत दगावलं आणि चिठ्ठीवर मेलोक्झिकॅम सोडून दुसरं दुखणं-मारक असेल, तर मढं उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरायचं, एवढं त्याला तोंडी सांगून ठेवावं.